कागदाचा खंड्या खरा वाटावा यासाठी

गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या चित्रकला शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी कागदाचा खंड्या केला. मापे पुस्तकातून घेतली, पिसे एकेक कापून चिकटवली, रंगही जुळवून दिले. तरीही पक्षी खेळण्यासारखा दिसतो, पावसाळा लागताच त्याची पिसे उभी राहिली आणि पाठीचा निळा रंग निर्जीव वाटतो. हे दोष कशामुळे येतात आणि खरा वाटणारा पक्षी कागदातून कसा घडवावा, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर देताना आपल्याकडे सर्वत्र दिसणारा पांढऱ्या गळ्याचा खंड्या मी समोर ठेवला आहे, कारण आपल्या विद्यार्थ्यांनी केलेला पक्षी वर्णनावरून तोच असावा. हा पक्षी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे २८ सेंमी भरतो, म्हणजे प्रत्यक्ष आकाराची प्रतिकृती करण्यास अगदी सोयीचा आहे. नर आणि मादी सारखेच दिसतात, हीदेखील एक सोय आहे.

पक्षी खरा वाटणार की नाही, याचा निकाल पहिले पीस चिकटण्याआधीच लागलेला असतो, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण सगळी मेहनत पिसांवर खर्च करतात आणि त्यांच्या खाली मात्र एक अंड्यासारखा गोळा व त्यावर चेंडूसारखे डोके एवढेच असते. अशा गाभ्यावर कितीही सुरेख पिसे लावली तरी ती कपड्यासारखी दिसतात, अंगाची वाटत नाहीत. म्हणून आधी बसण्याची ढब, मग शरीराचा आकार, मग पंख आणि शेपूट, आणि सर्वांत शेवटी अंगावरची बारीक पिसे, हा क्रम मोडू नये.

ढब समजण्यासाठी पुस्तकातील चित्रापेक्षा तारेवर बसलेला पक्षी अधिक उपयोगी पडतो. कोकणात त्यासाठी कुठे लांब जावे लागत नाही; भाताच्या खाचराशेजारची विजेची तार, खाडीकाठचा खुंट किंवा माडाची झुकलेली झावळी, यांपैकी कुठेतरी तो असतोच. मासे हाच त्याचा एकमेव आहार नाही. नाकतोडे, सरडे, बेडूक आणि खेकडेही तो पकडतो, त्यामुळे पाण्यापासून दूरही दिसतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या एकाच वसाहतीकडे सातत्याने पाहत राहून तिच्या विणीच्या सवयी उलगडल्या. विद्यार्थ्यांनाही असाच एक ठरावीक पक्षी नेमून द्यावा आणि त्याची केवळ बाह्यरेषा, तपशिलाशिवाय, पुन्हा पुन्हा काढायला लावावी. काही दिवसांत त्यांच्या आपोआप लक्षात येईल की खंड्या बराचसा उभा बसतो, त्याला मान जवळजवळ दिसतच नाही, डोके शरीराच्या मानाने मोठे असून माथा वरून चपटा असतो, आणि कपाळाची रेषा फारसा खळगा न पडता चोचीत उतरते. प्रतिकृतीत डोके गोल केले की खंड्याची चिमणी होते, मग चोच कितीही लांब लावा.

यानंतर बाजूने दिसणारी आकृती प्रत्यक्ष मापात कागदावर काढावी. चोच साधारण ६ सेंमी, मिटलेला पंख सुमारे १२ सेंमी आणि शेपूट सुमारे ८ सेंमी, ही मापे प्रमाण ठरवायला पुरेशी आहेत. या आकृतीच्या आत तीन ते चार मिलिमीटर अंतर सोडून दुसरी रेषा काढावी. गाभा या आतल्या रेषेइतकाच करायचा आहे, कारण उरलेली जाडी पिसे भरून काढतात. ही गोष्ट विसरली की तयार पक्षी नेहमी लठ्ठ होतो.

गाभ्यासाठी वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून, दोऱ्याने घट्ट आवळून मूळ आकार द्यावा आणि त्यातून पायांसाठी व चोचीच्या आधारासाठी तार आरपार न्यावी. इथे किनाऱ्यावरच्या माणसाने एक काळजी अवश्य घ्यावी. बांधकामावरची साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजते आणि तो तांबूस डाग लगद्यातून आणि कागदातून वर उमटतो, म्हणून तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार वापरावी. या गाभ्यावर कागदाच्या लगद्याचा थर चढवायचा. गावोगावच्या गणपतीच्या शाळांत आता कागदी लगद्याच्या मूर्तीही होतात, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी ही कृती माहीत असेल. रात्रभर भिजवून कुटलेला कागद घट्ट पिळावा, त्यात खडूची पूड आणि पांढरा गोंद म्हणजे फेविकॉल मिसळावे आणि थर एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नये. जाड थर वरून कोरडा लागतो, परंतु आत ओल धरून ठेवतो, आणि हीच ओल पुढे बुरशीच्या रूपाने पिसांवर येते.

गाभा वाळला की त्याची परीक्षा घ्यावी. खोलीत अंधार करून एका बाजूने दिवा लावावा आणि गाभ्याची सावली भिंतीवर पाडावी. चोच, पिसे, रंग यांपैकी काहीही नसताना नुसत्या सावलीवरून वर्गातील इतर मुलांनी खंड्या ओळखला पाहिजे. तो ओळखला जात नसेल तर लगदा कोरून किंवा भर घालून दुरुस्ती करावी आणि मगच पुढे जावे. त्याच वेळी तोलही पाहावा: पक्ष्याचे वजन पायांच्या बोटांवर येते असे दिसले पाहिजे. शरीराचा मध्य बोटांच्या पुढे गेला तर पक्षी आता पडेल असे पाहणाऱ्याला वाटत राहते, आणि या एका गोष्टीमुळे उत्तम कारागिरीचीही प्रतिकृती निर्जीव होते.

आता कागदाकडे वळू, कारण पिसे उभी राहण्याचे कारण कागदातच आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. छापखान्यात या दिशेला ग्रेन म्हणतात. दमट हवेत तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो, म्हणून कागद तंतूंना आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि वळताना तंतूंच्या दिशेला समांतर अशी पन्हळ करून वळतो. पिसाचा दांडा तंतूंना आडवा कापला गेला असेल तर पावसाळी हवेत पीस लांबीत वळते आणि त्याचे टोक वर उठते. दांडा तंतूंच्या दिशेने ठेवला तर हीच वळण्याची प्रवृत्ती उपयोगी पडते: पीस लांबीत सरळ राहते आणि फक्त त्याच्या दोन्ही कडा किंचित खाली झुकतात. खऱ्या पिसालाही असाच बाक असतो.

दिशा ओळखणे सोपे आहे. एकाच कागदातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एक उभी आणि एक आडवी, आणि दोन्ही एकाच टोकाला धरून हवेत आडव्या ठेवाव्यात. जी पट्टी जास्त झुकते तिच्यात तंतू आडवे आहेत, जी ताठ राहते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत. प्रत्येक नव्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

दुसरे कारण रंगाचे आहे. कागदाच्या एकाच बाजूला रंग दिला की ती बाजू रंगाच्या थराने झाकली जाते आणि उघडी बाजू हवेतील ओल ओढत राहते. दोन बाजूंच्या या ओढाताणीत कागद वळतोच. म्हणून पिसे कापण्याआधी पूर्ण कागद दोन्ही बाजूंनी अॅक्रिलिक रंगाने रंगवून, वजनाखाली दाबून वाळवावा. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळण्याचे पत्ते, पाहिल्या तर आपल्या हवेत कागदी वस्तू टिकवण्याचा हाच विचार जुन्या कारागिरांनी किती पुढे नेला होता ते दिसते. चिंचोक्याच्या खळीने थर जोडून, वर लाखेचा लेप देऊन त्यांनी ओलीला आत शिरायला वावच ठेवला नाही. खळीबद्दल मात्र एक सूचना करतो. पिठाच्या किंवा चिंचोक्याच्या खळीवर कसर आणि बुरशी दोन्ही येतात. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने शाळेत त्याचा वापर मुळीच करू नये. निम्मे पाणी मिसळलेले फेविकॉल गाभ्याच्या कामाला पुरते, आणि पिसांसाठी ते पाणी न घालताच, सुईच्या टोकावर येईल एवढे घ्यावे.

कागदाची जाडी जागेनुसार बदलावी. मोठ्या उड्डाणपिसांना आणि शेपटीला १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन), पंखावरच्या आच्छादक पिसांना ८० ते १०० चा आणि अंगावरच्या पिसांना त्याहून पातळ कागद घ्यावा. डोक्यासाठी मला टिश्यूसारखा मऊ, पातळ कागदच योग्य वाटतो. एकाच कार्डशीटचे सगळे कापले की पक्षी खवल्यांचा दिसतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या पक्ष्याचे तेच झाले असावे.

पिसे कशी कापावीत हे पाहण्यासाठी रानपक्ष्याची पिसे गोळा करायला मुलांना पाठवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची माहिती त्यांना या निमित्ताने अवश्य द्यावी. गावठी कोंबडीचे पंखातले एक आणि छातीवरचे एक पीस भिंगाखाली ठेवले तर रचनेचा सारा अभ्यास होतो. पंखातल्या लांब पिसाचा दांडा मधोमध नसतो. पुढच्या, म्हणजे वारा कापणाऱ्या बाजूचे पाते अरुंद आणि मागच्या बाजूचे रुंद असते. शेपटीच्या मधल्या पिसांत तो जवळजवळ मध्यावर असतो. छातीच्या पिसाचा बुडाकडचा भाग विस्कटलेला आणि लवदार असतो, तर फक्त टोकाकडचा भाग नीट जुळलेला असतो. हे एकदा पाहिले की सगळ्या पिसांना कात्रीने झालर करण्याचा मोह आवरतो. उड्डाणपिसाचे पाते अखंड असते. तिथे तिरकस अशी दोन-तीन बारीक चीर पुरे. अंगावरच्या पिसांना टोकापाशीच, दांड्यापासून बाहेर तिरक्या जाणाऱ्या, केसासारख्या चिरा द्याव्यात.

दांडा उठवण्यासाठी शाई संपलेली बॉलपेनची रिफिल सर्वांत चांगली. जुन्या मासिकावर पीस पालथे ठेवून मधून एक रेषा दाबावी, मग पीस किंचित ओलसर बोटाने अंगठ्यावर वळवून टोक आतल्या बाजूला, म्हणजे शरीराकडे, झुकवावे. ओलसर असताना वळवलेला कागद वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतो. जपानचे अकिरा योशिझावा यांनी घडीकामात, म्हणजे ओरिगामीत, हीच युक्ती वापरून कागदाच्या प्राण्यांना गोलाई आणली. टोक आत झुकलेले पीस नंतर हवेने थोडे हलले तरी अंगालगतच राहते.

लावण्याच्या क्रमात शेपटीपासून सुरुवात करावी. खंड्याच्या शेपटीत १२ पिसे असतात. मिटलेल्या शेपटीत मधली जोडी सर्वांत वर आणि कडेची सर्वांत खाली असते, म्हणून चिकटवताना कडेची जोडी आधी आणि मधली शेवटी. शेपूट वरून निळी असली तरी खालून काळपट असते. कागदाच्या दोन्ही बाजूंना रंग द्यायचाच असल्याने हा फरक साधणे अवघड नाही.

मिटलेल्या पंखाची रचना चुकली की जाणकाराला ती लगेच कळते. हाताच्या भागाला जोडलेली लांब पिसे मिटताना कोपराकडच्या पिसांखाली सरकतात आणि सर्वांत बाहेरचे पीस सर्वांत खाली राहते. म्हणून पंख वेगळ्या पातळ कार्डावर तयार करावा. आधी बाहेरचे पीस, मग एकेक आतले पीस आधीच्या पिसाची मागची कड झाकत लावावे, आणि शरीरालगतची शेवटची दोन-तीन रुंद पिसे सर्वांत वर बसवावीत. पाहणाऱ्याला लांब पिसांच्या फक्त कडा आणि टोके दिसतात, तेव्हा सगळीच पिसे पूर्ण लांबीची कापण्यात वेळ घालवू नये. त्यांच्यावर आच्छादक पिसांच्या ओळी येतात. या खंड्याच्या खांद्याशी तपकिरी, त्याखाली काळा पट्टा आणि त्याखाली निळा असा क्रम असतो. हा काळा पट्टा बहुतेक प्रतिकृतींत राहून जातो, आणि तो दिल्याबरोबर शेजारचा निळा उजळतो. पंख पुरा झाला की पाठीच्या गोलाईप्रमाणे वाकवून अंगावर बसवावा. पंख आणि अंग यांच्यामध्ये कार्डाची कड दिसता कामा नये, ती छातीच्या बाजूच्या तपकिरी पिसांनी झाकावी.

अंगावरची पिसे मागून पुढे, शेपटीकडून डोक्याकडे लावत यावी, जशी कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवतात. ओळी मात्र मोजून-मापून सारख्या करू नयेत. पोटावर पिसे सैल, छातीवर दाट, गळ्याजवळ लहान आणि डोक्यावर तर चिमटीत न येण्याइतकी बारीक असतात. हा लहानमोठेपणाचा उतार जितका सावकाश तितके अंग खरे दिसते. सर्वत्र पिसाच्या फक्त बुडाला गोंद लावावा. गळा आणि छाती पांढरी ठेवताना थेट कोऱ्या कागदाचा पांढरा वापरू नये. शेजारच्या चॉकलेटी तपकिरीपुढे तो फार कठोर दिसतो. किंचित पिवळसर पांढरा घ्यावा.

आता निळ्या रंगाविषयी. खंड्याच्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूंमधील केराटिनच्या, म्हणजे नखे-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाच्या, अतिसूक्ष्म, स्पंजासारख्या रचनेतून प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा-हिरवा भाग आपल्यापर्यंत येतो. खाली असलेले मेलॅनिनचे गडद द्रव्य उरलेला प्रकाश शोषून घेते, म्हणून तो निळा इतका स्वच्छ दिसतो. त्यामुळेच उन्हात झळकणारा हा पक्षी सावलीत मळकट दिसतो. पांढऱ्या कागदावर निळ्या रंगाचा एक जाड हात देऊन हा परिणाम कधीच येत नाही. निसर्गाचा क्रमच इथे वापरावा. कागदावर आधी काळपट करड्या रंगाचा हात द्यावा, तो वाळल्यावर थॅलो निळ्यात (दुकानात याच नावाने मिळणारा गडद, पारदर्शक निळा) थोडा हिरवा मिसळून पाण्यासारखे पातळ दोन-तीन हात द्यावेत आणि शेवटी इंटरफेरन्स ब्लू (उजेडाच्या कोनाप्रमाणे निळी झाक देणारा रंग) किंवा मोतिया झाक असलेले अॅक्रिलिक अगदी विरळ फिरवावे. अभ्रकाचे हे चमकदार रंग गडद पायावरच खुलतात, पांढऱ्यावर ते जवळजवळ नाहीसे होतात. पतंगाचा आणि क्रेप कागद दिसायला मोहक असला तरी तो टाळावा, कारण त्याचा रंग उजेडात लवकर उडतो. कापलेल्या प्रत्येक पिसाच्या कडेला गाभ्यातला पांढरा कागद दिसतो; त्या कडेवरून त्याच रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते सोडले तर दुरूनही पक्षी कागदाचा आहे हे कळते.

चोच दोन भागांत करावी. वरचा आणि खालचा भाग जाड कागदातून काढून मधोमध घडी द्यावी, आतून पातळ गोंदाने ताठ करावे आणि दोन्ही भाग कडेला जुळवून तारेवर बसवावेत. खालच्या भागाची खालची रेषा टोकाकडे किंचित वर चढते. ही चढण नसेल तर चोच बगळ्याची होते. रंग पोवळ्यासारखा लाल, वर किंचित चकाकी. डोळा गडद तपकिरी असतो. काळा गोल मणी चालतो, मात्र दोन्ही डोळे एकाच उंचीवर आणि थोडे पुढे पाहणारे असावेत, आणि मण्याभोवती कागदाची बारीक पापणी अवश्य द्यावी, नाहीतर पक्षी दचकलेला दिसतो.

पाय आखूड आणि लाल असतात. पुढे तीन आणि मागे एक बोट असते, आणि पुढच्यांपैकी बाहेरचे व मधले बोट बुडाशी जोडलेले असते. तारेवर टिश्यूच्या पट्ट्या गुंडाळताना ही दोन बोटे सुरुवातीला एकत्र गुंडाळावीत. बसलेल्या खंड्याचे पोट फांदीला जवळजवळ टेकते, म्हणून पायांची लांबी दाखवण्याचा प्रयत्न करू नये.

पावसाळ्याबद्दल वेळापत्रकाची सूचना करतो. गाभा दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावा. पिसे कापणे आणि रंगवणे पावसाळ्यात घरात बसून करता येते. प्रदर्शनच पावसाळ्यात असेल तर खोक्यात जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून त्याच्या उबेत गाभा वाळवावा. बल्ब आणि कागद यांत वीतभर तरी अंतर हवे आणि मोठे माणूस जवळ असायला हवे. पूर्ण झालेल्या पक्ष्यावर मॅट अॅक्रिलिक वॉर्निशचे दोन विरळ हात द्यावेत. चकचकीत वॉर्निश फक्त चोच आणि डोळ्यांवर. मग तो काचेच्या पेटीत, ओल शोषून घेणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. दाणे गुलाबी झाले की ओल भरली असे समजून ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. हा तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, आणि दाणे मुलांच्या हाती देऊ नयेत.

आत्ता आपल्याकडे असलेला पक्षी मोडून टाकण्याची गरज नाही. उभी राहिलेली पिसे काढून गाभा उघडा करावा, सावलीची परीक्षा घ्यावी आणि डोक्याचा माथा व छातीचा फुगवटा तेवढा सुधारून पुन्हा पिसे लावावीत. नवे कागद रंगवताना प्रत्येक रंगाचा एक जादा कागद रंगवून, तंतूंच्या दिशेचा बाण काढून, पाकिटात पेटीच्या तळाशी ठेवावा, म्हणजे पुढे एखादे पीस गळाले तर त्याच छटेचे दुसरे कापून लावता येईल.